बावीस सप्टेंबरपासून लागू

धार, २८ सप्टेंबर २०२५

चि. मारुती,

फोन तू उचलत नाहीस, आणि आता तर घंटीही वाजत नाही. भूपेंद्र म्हणतो, काकांनी आपल्या सगळ्यांचे नंबर बंद करून टाकलेत. टपालाला अजून तसलं बटण निघालेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. सिंचन खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली, पण सख्ख्या भावाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घे.

पॉलिसी आली. हे कळवण्यासाठीच पत्र. तिन्ही गाड्या एका कागदावर आहेत. वर माझी जुनी पांढरी, मध्ये तुझी, खाली भूपेंद्रची, ज्यात तो रोज सरदारपूरला नोकरीवर जातो. एकाच मालकाच्या सगळ्या गाड्यांचा मिळून एक विमा काढता येतो, तीन तारखा लक्षात ठेवायची कटकट नाही, हे शिखाने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. शिखा म्हणजे आपल्या गल्लीतली विम्याची एजंट, गणपतीत तू तिला पाहिलंस. आपल्याकडे गाड्या पहिल्यापासून माझ्याच नावावर. वडिलांचा नियम होता, घरात चाक आलं की कागद थोरल्याच्या नावाने करायचा. देवासला राहून, स्वतःच्या कमाईची गाडी घेऊनही तू तो मोडला नाहीस. पूर्वी रेशनकार्डावर आपण सगळे एका पानावर होतो. नंतर तू देवासला गेलास आणि वेगळं कार्ड झालं. पुन्हा एका पानावर येतोय असं मला वाटलं. म्हाताऱ्या माणसाला असल्याच गोष्टी सुचतात.

तर पॉलिसी २२ सप्टेंबरपासून लागू आहे. तुझी गाडी पंधरा तारखेपासून पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे. तिला आता वर्षभराचा विमा आहे.

तुझी जुनी पॉलिसी बारा तारखेच्या रात्री संपली होती, हे तुला ठाण्यात कळलं. मधले दिवस उघडे कसे राहिले असं तू विचारशील. कंपनीची मशीन बंद होती म्हणे. शिखा तसं म्हणते. आजकालच्या पोरी कामं अंगावर घेतात आणि ऐन वेळी मशीनकडे बोट दाखवतात. यात घरातल्या कोणाचा काही दोष नाही, एवढं मला तुला सांगायचं होतं.

पंधराला आईची नवमी होती. तू सुमंगलेला घेऊन सकाळी निघालास, अकरापर्यंत पोहोचशील म्हणून विनोदिनीने वडे तळायचे मागे ठेवले होते. पान वाढलं, कावळा काही घासाला शिवेना. मी म्हटलं, धाकटा आल्याशिवाय आई कशी जेवेल. दीड वाजता ठाण्यातून फोन आला. घाटाबिल्लोदच्या अलीकडे शेताच्या वाटेवरून एक मोटरसायकल वर आली, नवरा चालवत होता, बायको मागे बसली होती, बाईच्या पायावरून तुझं चाक गेलं. हे मला ठाणेदाराने सांगितलं. तू अजून काहीच सांगितलेलं नाहीस.

पत्र पोहोचल्याचं कळव. विनोदिनी आठवण काढते.

तुझा,
अण्णा


धार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. मारुती,

सवयीने तीन हार आणले. दरवर्षी तू आदल्या रात्री गाडी घेऊन येतोस, तिन्ही गाड्या अंगणात एका रांगेत लावतो, पूजा होते, मग तू बोनेटवरचा नारळ माझ्या हातून फोडून घेतोस आणि दरवर्षी म्हणतोस, "अण्णा, धीरे, काच जायेगी." आज दोनच गाड्या होत्या. तिसरा हार हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी विनोदिनीने तो तुळशीला घातला.

सणाच्या दिवशी खोटं पोटात ठेवू नये. कंपनीची मशीन बंद नव्हती. शिखाला मी उगाच मध्ये ओढलं.

तीन गाड्यांचा एक कागद करायचा तर सगळ्या जुन्या पॉलिसी, भूपेंद्रच्या गाडीचे पेपर, सगळं लागत होतं. गणपतीच्या गडबडीत ते गोळा झालं तोवर पौर्णिमा उलटली आणि पितृपक्ष लागला. वडील पंधरवड्यात नव्या कागदावर सही करत नसत, तुला ठाऊक आहे. धारच्या घराचा सौदासुद्धा त्यांनी त्यासाठी पंधरा दिवस लांबवला होता. तुझी जुनीच पॉलिसी पुढे चालवायची असती तर मी डोळे झाकून केली असती, ते नवं नव्हे. पण तिन्ही मिळून एक म्हणजे नवा कागद. मी शिखाला म्हटलं, घटस्थापनेला करू, शुभ दिवस आहे.

ती म्हणाली, "अंकल, देवासवाली गाड़ी की बारा तारीख को खतम हो री है. उस एक का अभी कर दो, बाद में तीनों जोड़ देंगे."

मी म्हटलं, "बेटा, दस दिन में क्या होता है."

"एक्सीडेंट पक्ष देख के थोड़ी होता है, अंकल."

मला तिचा राग आला. एवढीशी पोर मला शिकवते असं वाटलं. तिला चहा न विचारता पाठवलं.

हे तुला सांगितल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तितकंसं वाटत नाही.

सोनं म्हणून आपट्याचं एक पान घातलंय. पोहोचेपर्यंत वाळेल.

अण्णा


धार, २६ ऑक्टोबर २०२५

चि. मारुती,

दिवाळी गेली. तुमच्याकडचा फराळ आला नाही, आमचा पाठवायचा धीर झाला नाही.

काल मी त्या बाईला बघून आलो. भूपेंद्रला सांगितलं नाही, बसने गेलो. जमुनाबाई तिचं नाव. तू इस्पितळात दोनदा जाऊन आलास असं तिच्या नवऱ्याने सांगितलं. हे मला परक्याकडून कळावं.

उजवा पाय गुडघ्याखाली नाही. बाज अंगणात टाकली होती, त्यावर ती लसूण सोलत बसली होती. पायावर बाग गावच्या छापाची चादर होती. मी ती ओळखली. विनोदिनीने तुझ्या गाडीच्या मागच्या सीटसाठी दिलेली तीच, सुमंगलेने त्या दिवशी अर्धी फाडून पायाला बांधली होती म्हणे. उरलेली त्यांनी धुऊन ठेवली आहे. डाग गेलेत, रंग गेलेला नाही. बाई माझ्याशी फार चांगलं बोलली. तुझ्याबद्दल तर म्हणाली, भिया भला माणूस आहे, पळून गेला नाही, मला उचलून त्यानेच गाडीत घातलं.

नवऱ्याचं नाव रघुजी. तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. सोयाबीन काढून झालं होतं, शेत मोकळं होतं. रस्ता आल्यावर त्याने हळूच विचारलं, "बा साब, वकील पूछे के गाड़ी को बीमो थो के नी?"

त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं, विमा असला तर कंपनी देईल, लवकर मिळेल, बाईला चांगला पाय बसवता येईल. नसला तर गाडीवाल्यांच्या मागे वर्षानुवर्षं फिरावं लागेल.

मारुती, पॉलिसी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी ती हल्ली बरोबर ठेवतो, का ते माहीत नाही. तीन गाड्या, बावीस सप्टेंबर. मी रघुजीला म्हटलं, "कागज देखना पड़ेंगे." एकतीस वर्षं लोकांना हेच वाक्य सांगत आलो, तेच तोंडातून निघालं.

बसमध्ये माझ्या ध्यानात आलं. विमा आपल्यासाठी असतो, आपली गाडी ठोकली, आपला दिवा फुटला म्हणून, असं मी जन्मभर धरून चाललो. तो जमुनाबाईसाठी होता. तिने कधी न पाहिलेल्या एका माणसाने धारमध्ये एक सही करायची होती, एवढंच तिचं काम माझ्याकडे होतं.

काय करावं ते कळत नाही. तू असतास तर विचारलं असतं.

अण्णा


धार, ११ डिसेंबर २०२५

चि. मारुती,

जमुनाबाईच्या भरपाईच्या दाव्याचा कोर्टाचा कागद तुलाही आला असेल. माझं नाव पहिलं, गाडीचा मालक म्हणून. तुझं दुसरं, चालक म्हणून. पुन्हा एकदा आपण एका कागदावर आलो.

भूपेंद्रने सगळं आपल्या हातात घेतलंय. कागदांची पेटी त्याने त्याच्या खोलीत नेली. कोणाचा फोन आला की म्हणतो, "पापा, आप कुछ मत बोलो." मी आपला बसून असतो. थोरला मी, आणि घरात माझ्याशी असं बोलतात जसं वडिलांशी त्यांच्या शेवटच्या वर्षात आपण बोलत होतो.

एका वकिलाकडे गेलो होतो. एकदोन सह्या केल्या. वकिली भाषा असते, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. सगळ्यांच्या भल्याचंच असतं ते.

विनोदिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला गुडघेदुखी आहे, तिचा स्वभाव चिडका झालाय.

थंडी फार आहे. तुझा दमा कसा आहे?

अण्णा


धार, १६ जानेवारी २०२६

मारुती,

तीळगूळ पोहोचला असेल. रजिस्टर्ड केला होता, पावती परत आली. त्यावर सही सुमंगलेची आहे. तुझी बघायला मिळेल असं वाटलं होतं.

यावेळी लिहायला काही नाही.

अण्णा


धार, ४ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. सुमंगला हिस,

तू या घरात आलीस त्याला सत्तावीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत मी तुला उद्देशून एक वाक्य बोललेलो नाही. आपल्यात तशी रीत नाही, थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलू नये. तू समोर उभी असताना मी विनोदिनीला सांगायचो, "तिला म्हणावं, चहा पुरे." तू पदर सावरून तिलाच सांगायचीस, "अण्णांना सांगा, अजून आहे." मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आज पहिल्यांदा तुला लिहितोय. अक्षर मोठं काढलंय. तुझी शाळा हिंदी, मराठी तू थांबत थांबत वाचतेस, हे मला ठाऊक आहे.

परवा विनोदिनीने शेजारणीच्या फोनवरून तुला फोन केला, ते तिने मला काल सांगितलं. तू म्हणालीस, "वहिनी, ती पत्रं हे उघडतच नाहीत. आलं की कपाटावर टाकून देतात. मीच पढते, धीरे-धीरे." म्हणजे सप्टेंबरपासून मी तुलाच लिहीत होतो. मशीन बंद होती तेही तू वाचलंस, शिखाचं वाचलंस, चादरीचं वाचलंस.

आणि तू विनोदिनीला म्हणालीस, "अण्णांना सांगा, दस तारीख का फोन स्पीकर पे था. मी तिथेच पोळ्या करत होते."

त्या फोनबद्दल मी एकाही पत्रात लिहिलं नाही. लिहिता लिहिता त्याच्यापाशी आलो की दुसरीकडे वळायचो. दसऱ्याला सगळं सांगितल्यासारखं केलं आणि तो तेवढा ठेवला. मला वाटलं होतं, तो मारुतीला आणि मलाच माहीत आहे.

तर आता लिहितो. १० सप्टेंबरला संध्याकाळी मारुतीचा फोन आला. नवमीला येतोय म्हणाला, आणि मग विचारलं, "अण्णा, गाडीच्या इन्शुरन्सचं झालं का? तारीख जवळ आली ना?" मी म्हणालो, "झालं समज. तू ये." तो म्हणाला, "मग ठीक. नाहीतर बसने आलो असतो."

हे शेवटचं वाक्य मला रोज ऐकू येतं. पोरी, मी खोटं का बोललो ते मलाच नीट सांगता येत नाही. झालं नाही म्हटलं असतं तर का नाही म्हणून त्याने विचारलं असतं, आणि मी पक्षाचं कारण सांगितलं असतं तर तो हसला असता. तो मला हसतो ते मला आवडत नाही. एवढंच होतं.

आता डिसेंबरातल्या त्या एकदोन सह्यांचं. त्याची नक्कल तुमच्याकडे पोहोचली आहे, हेही काल कळलं. मी कोर्टात जो जवाब दिलाय त्यात असं लिहिलंय, की गाडी नावापुरती माझी, ताबा आणि विम्याची जबाबदारी धाकट्या भावाची, आणि विमा संपल्याची त्याला पूर्ण कल्पना होती. वकिलाने मला हिंदीत वाचून दाखवलं. मी ऐकलं. समजलं नाही असं म्हणण्याची सोय नाही, आयुष्यभर असलेच कागद वाचले आहेत. भूपेंद्र म्हणाला, "गाडी काका चालवत होते, फिर अपना घर क्यों जाये?" तो वाईट नाही. त्याला दोन मुलं आहेत, भरपाईत घर गेलं तर कुठे जायचं ही त्याची भीती खरी आहे. देवासचं तुमचं घरही तसंच जाईल, हे तेव्हा त्या खोलीत कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही. त्यांनी पेन उघडून दिलं, मी सही केली.

मारुतीच्या वकिलाने त्याला विचारलं म्हणे, थोरल्या भावाने विमा झालाय असं तुम्हाला सांगितलं होतं का. आणि मारुती म्हणाला, "मला आठवत नाही." घरी येऊन तुला म्हणाला, मोठ्याच्या विरुद्ध कागद करणार नाही. मी इथे बसून त्याच्या विरुद्ध कागद केला होता. एवढी पत्रं पाठवली, त्यातलं एकही त्याने उघडलं नाही. माझ्या सहीचं त्याने वाचलं ते फक्त तो कोर्टातला जवाब.

काल रात्रभर विनोदिनी आणि मी जागे होतो. ती म्हणाली, तुम्ही देवासला जा, त्याचे पाय धरा. मी पाय धरले तर त्याला ते सोडवून घ्यावे लागतील, आणखी काय होणार. जमुनाबाईला त्याने काही मिळत नाही, तुमचं घर त्याने राहत नाही. जुना दिवस परत आणून त्यावर सही करता येत नाही. माझ्याकडे करण्यासारखं एकच उरलंय, आणि तेही कागदच आहे. म्हणून हे पत्र.

हे पत्र मारुतीला दाखवू नकोस. तो फाडून टाकेल, मला त्याचा स्वभाव माहीत आहे. हे थेट तुमच्या वकिलाला नेऊन दे. तो म्हणेल ते कर. आधीची पत्रंही दे, दसऱ्याचं तर नक्की दे, पाकिटांवर टपालाचे शिक्के आहेत. शिखाला मी आज सकाळी भेटलो. तिला म्हटलं, बेटा, मुझे माफ कर, आणि कोर्टात बोलावलं तर जे झालं ते सांग. ती रडायला लागली. यावेळी चहा तिनेच केला.

भूपेंद्र सरदारपूरहून संध्याकाळी सहाला येतो. त्याआधी हे टपालात पडायला हवं. त्याला कळेल तेव्हा तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे आणि तो बरोबरच असेल. दोन्हीकडे बरोबर असलेले लोक आहेत, मधला मी तेवढा चुकलो.

कोर्टाने बोलावलं तर मी येईन आणि हेच सांगेन असं आज मनात आहे. पण माझा मला भरवसा राहिलेला नाही. नातू समोर उभे करतील, विनवतील, वकील चार गोष्टी समजावेल आणि मी पुन्हा मान हलवेन. तसं झालं तर त्या दिवशी मी तिथे उभा राहून जे बोलेन ते धरू नका. हे धरा.

घरच्या पत्राखाली अण्णा एवढंच लिहितो. यावेळी वकिलाला कळावं म्हणून पूर्ण लिहितोय.

१० सप्टेंबर २०२५ रोजी माझा भाऊ मारुती जगदेवराव काटकर याने मला गाडीच्या विम्याबद्दल विचारलं. तो झाला आहे असं मी त्याला सांगितलं. तो झालेला नव्हता आणि ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं.

भगवंत जगदेवराव काटकर,
वय ६९, राहणार धार

साक्षीदार: विनोदिनी भगवंत काटकर

सुमंगला, त्या नवमीचे वडे तळायचे ते तसेच राहिले होते. ही म्हणते, तेही लिहा.